मापाची चूल

नवी चूल नीट वाळायच्या आधीच मी जुनी फोडली. बस, इतकंच केलं मी. पुढचं सारं आपोआप झालं.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात विद्यापीठातले एक प्रोफेसर आपली कॉलेजची पोरं घेऊन आले. चूल शिकवायला! (आमच्याकडे हे आईच शिकवते, वरून दोन धपाटे देऊन.) ते पोरांना सांगत, "आधी माणूस पाहा, मग वस्तू करा. जो वापरणार, त्याचं माप घ्या." नवी चूल म्हणजे उभ्यानं रांधायचा ओटा, अन् धूर धुराड्यातून बाहेर. माझे डोळे धुरानं बारमाही लाल, म्हणून आमचंच घर निवडलं.

प्रोफेसर सरपंचाकडे चहाला गेले अन् पोरं टेप घेऊन आमच्या दारात आली. सासूबाई आडव्या आल्या.

"घरच्या सुनेले परके बाप्ये टेप लावतीन? लोक काय म्हनतीन?"

"मग माप कोणाचं घेऊ, आजी?"

"आमच्या पोराचं घ्या ना! नवरा-बायको काय येगळे असतेत?"

पोरंही लाजरी. जयाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, बाबांना टेप लावून मोकळी झाली. (यांचं नाव मी आजही घेत नाही. उंची सांगते: घरात शिरायचं तर वाकून शिरत. मी त्यांच्या खांद्यालाही पुरत नव्हते.)

चूल झाली. प्रोफेसर तिच्यावरची भाकर खाऊन पोरांना मार्क देणार होते. म्हणजे माझ्या हाताची अन् पोरांची परीक्षा एकाच दिवशी!

पंगत बसली. मी ओट्यापाशी गेले, तर तवा माझ्या हनुवटीशी. पाटावर पाट रचून चढले. पाट डुगडुगले, अन् तव्यावर टाकायची भाकर जाऊन चिकटली धुराड्याला.

"काहून वं, भिंतीले खाऊ घालून राह्यली काय? सरक!" म्हणत जयाचे बाबा पुढे आले. वावरात जागलीला असले की ते स्वतःच रांधत. मला वाटे, कच्चं-जळकं खात असतील बिचारे. त्यांनी भाकर थापली, तव्यावर टाकली, ती टम्म फुगली.

"अवो, गावचे लोक पाहतीन ना!" सासूबाईंनी धावत जाऊन दार लोटलं. आत भाकरी एकामागून एक पंगतीत पडत गेल्या.

प्रोफेसरांनी एकदा मला पाहिलं, एकदा त्यांना, अन् पोरांकडे असे वळले की पोरांचा घास घशातच राहिला. मग मला म्हणाले, "ताई, चूक आमची. उद्याच हा ओटा मोडून तुमच्या मापाचा करून देतो."

माझा जीव भांड्यात पडला.

पंगतीच्या टोकाला मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिसरी भाकर मोडत होते. माझ्या हातची त्यांनी कधी दुसरीही मागितली नव्हती. त्यांनी घास गिळला, मिशी पुसली.

"मोडू नोका, साहेब," म्हणाले. "चूल बरोबर बसली हाये. सुनेचंच माप चुकलं."