मुलीच्या गाडीसाठी राखीव

रस्ता कशासाठी असतो, या प्रश्नाचं उत्तर आमच्या शहराने फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. रस्ता वाहनं उभी करण्यासाठी असतो. काही वाहनं त्यावरून चालताना दिसतात, पण तीही उभं राहायला जागा शोधत असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पदपथाबाबतही आमचे विचार स्पष्ट आहेत. शहरात एकूण एकेचाळीस किलोमीटर पदपथ आहे. त्यापैकी अडतीस किलोमीटरवर दुचाक्या, झाडांच्या कुंड्या, विजेचे डबे, दुकानांच्या पाट्या आणि पदपथ मोकळा ठेवण्याची विनंती करणारे फलक आहेत. उरलेल्या तीन किलोमीटरवर छान चालता येतं. मात्र तिथवर जायला गाडी लागते, आणि ती लावायला तिथे जागा नाही. (हे तीन किलोमीटर इतके चांगले राहिले ते त्यामुळेच.)

हा सगळा व्याप मार्ग, पदपथ व वाहनतळ विभाग सांभाळतो. विभागाला लोक नावं ठेवतात. मीही ठेवत असे. आता मी त्याची स्तुती करायला बसले आहे, आणि ती मनापासून आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

आमच्याकडे घरासमोरची जागा राखायची तर तिथे एखादी वस्तू ठेवतात. रंगाचा रिकामा डबा, दोन विटांवर आडवी फळी, फुटकी बादली, शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा. एका डॉक्टरांच्या दारासमोर तर वजनकाटा आहे. वस्तू जितकी निरुपयोगी, तितका हक्क पक्का. सिग्नल तोडणारा, उलट्या बाजूने येणारा, रुग्णालयासमोर कर्णा वाजवणारा माणूससुद्धा दुसऱ्याची बादली दिसली की निमूट गाडी मागे घेतो. कायद्याचं इतकं काटेकोर पालन आमच्याकडे दुसऱ्या कशाचंच होत नाही. आणि हा कायदा कुठे लिहिलेला नाही.

माझ्या वडिलांनी खुर्ची ठेवली होती. लाकडी, डाव्या हाताची दांडी सैल झालेली. बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून माझी गाडी मोजली. अकरा फूट नऊ इंच. पुढे-मागे दीड-दीड फूट धरून चौदा फूट नऊ इंच. खुर्ची बरोबर मध्यावर, सात फूट साडेचार इंचांवर. म्हणजे कोणत्याही बाजूला दुसऱ्याची गाडी मावू नये. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. दर रविवारी चार वाजता जायचे. बाबा साडेतीनपासून स्वतःच खुर्चीत बसून राहत, कारण एकदा कुणाच्या तरी जावयाने ती उचलून बाजूला ठेवली होती.

समोरचे शिंपीकाका दुकानातून ओरडायचे, "साहेब, आज मुलगी येणार की तपासणी पथक?"

"मुलगी."

"मग टेप कशाला घेऊन बसलात?"

"मागच्या खेपेला तिचा आरसा घासला."

अशा परिस्थितीत विभागाने शहराची शिस्तबद्ध मोजणी करून रस्त्यावर पांढरे चौकोन आखायचं ठरवलं. तत्त्व न्याय्य होतं: जिथे जे नेहमी उभं असतं, तिथे त्याची जागा. प्रत्येक गल्लीची तीनदा पाहणी झाली. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. आमच्या गल्लीत आलेल्या कर्मचाऱ्याला सगळे पट्टीवाले म्हणत, कारण त्यांच्या हातातली मोजपट्टी जेवतानाही सुटत नसे. त्यांच्या तक्त्यात रकाने चार होते: दुचाकी, तीनचाकी, चारचाकी, इतर.

"काका, ही खुर्ची कुणाची?"

"माझी. पण जागा खुर्चीची नाही, मुलीची आहे."

"मुलगी कुठंय?"

"रविवारी येते."

"रविवारी आम्ही नसतो."

"मग ती तुम्हाला दिसणार कशी?"

"तेच तर म्हणतोय मी."

दोघेही मापाची माणसं. जे डोळ्यांना दिसलं नाही ते लिहायचं नाही, यावर त्यांचं एकमत होतं. पट्टीवाल्यांनी लिहिलं: 'इतर. खुर्ची, एक. स्थायी.'

पंधरा दिवसांनी चौकोन आला. दीड फूट बाय दीड फूट, पांढराशुभ्र. रंगाऱ्याने खुर्ची जागची न हलवता भोवतीने रंग मारला, त्यामुळे तिचा एक पाय कायमचा पांढरा झाला. खुर्चीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना सात-सात फूट वाहन लावायला मनाई झाली. पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे खुर्ची पदपथावर ठेवून गाडी लावली. दोन तासांनी बाहेर येते तर चाकाला जॅमर. (जॅमरचं पथक वेगळं आहे. त्यांचं काम रविवारीही असतं.) काचेवरच्या चिठ्ठीत कारण होतं: 'खुर्चीच्या जागेत अतिक्रमण.'

मी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "त्या पट्टीवाल्याला रविवारी बोलवायला हवं होतं."

त्यानंतर माझं जाणं कमी झालं आणि मग थांबलं. फोनवर मी सांगायचे, "आधी पार्किंगचं काय ते होऊ दे बाबा, मग येते." हे कारण फार सोयीचं आहे. त्यात कुणाचा राग नसतो, कुणाचा कंटाळा नसतो, दोष असलाच तर शहराचा असतो. माझ्या कार्यालयात नऊ जण आहेत. त्यांतल्या सात जणांचं आईवडिलांकडे जाणं पार्किंगमुळेच होत नाही. उरलेल्या दोघांचे आईवडील त्यांच्याजवळ राहतात.

मग एका सोमवारी सकाळी सव्वासात वाजता, कुणाच्याही रहदारीला अडथळा न करता, बाबा गेले.

घर आवरताना मला काही नको होतं. तराजू भावाने नेला, पुस्तकं वाचनालयाला दिली. मला फक्त ती खुर्ची हवी होती. दहा दिवस दारात माणसांची आणि गाड्यांची इतकी दाटी होती की रस्ता दिसलाच नव्हता. गर्दी ओसरल्यावर मी खाली उतरले. खुर्ची तिथेच होती. तिच्याभोवतीचा छोटा चौकोन पुसट झाला होता, आणि त्याच्या बाहेरून नवा, मोठा चौकोन आखलेला होता. शेजारी खांबावर पाटी होती: 'राखीव. मुलीच्या गाडीसाठी. रविवार, ४ ते ७.'

मी खुर्चीच्या पाठीला हात लावला तसे शिंपीकाका ओरडले.

"हलवू नका ताई! सरकारी झालीय ती."

"ही पाटी कधी लागली?"

"झाले की अडीच-तीन महिने. बाबांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

बाबांनी सांगितलं होतं. फोनवर म्हणाले होते, "जागा झाली आहे गं. नियमाने झाली आहे. चार ते सात." मी म्हणाले होते, "बरं, बघते."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, मी विभागात गेले. तिथे बसायला सहा खुर्च्या आहेत. दोन पिशव्या, एक हेल्मेट, एक रुमाल, एक छत्री आणि एक वर्तमानपत्र, असे सहा जण बसलेले होते. माणसं उभी होती.

खिडकीमागच्या बाईंना मी म्हणाले, "वडिलांची खुर्ची घरी न्यायची आहे. रस्त्यावरची."

त्यांनी चष्मा वर केला. "तुम्ही चार-ते-सातवाल्या काकांच्या मुलगी?"

"हो."

त्यांनी मान मागे वळवली. "अहो पट्टीवाले! आली हो!"

सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. पट्टीवाले फाइल घेऊन बाहेर आले. बाबांनी चार अर्ज केले होते. पहिला दोन पानांचा, आकृतीसह. शेवटी 'निर्णय येत्या रविवारपूर्वी व्हावा' अशी विनंती. दुसरा एका पानाचा, 'निर्णय या महिन्यातील एखाद्या रविवारपूर्वी व्हावा'. तिसरा अर्ध्या पानाचा. चौथ्यात एकच ओळ होती: 'रविवार कोणताही चालेल.'

या चौथ्या अर्जावर मंजुरी होती. तेवढंच नव्हे, त्यावरून विभागाने सगळ्या शहरासाठी भेट-जागा योजनाच सुरू केली. (विभागाला आजवर सुचलेली ही एकमेव चांगली गोष्ट असून ती एका ओळीच्या अर्जातून सुचली, याची नोंद व्हावी.)

"योजनेला नियम आहे एक," पट्टीवाले म्हणाले. "जागा वापरली जाते का, ते दर रविवारी बघायचं. तुमची गल्ली मीच मागून घेतली. काका म्हणाले होते ना, रविवारी येत जा."

त्यांनी नोंदवही उघडून माझ्यासमोर धरली. पान सदतीस. अकरा रविवार, अकरा नोंदी.

'जागा मोकळी. धारक खुर्चीत. गाडी नाही.'

पुढच्या नोंदीही तशाच होत्या. पाचवीत कंसात 'पाऊस. धारक छत्रीसह' असं होतं. सातवीत 'धारकाने चहा दिला'. नववीत 'धारकाचे म्हणणे, गाडी वाटेत असेल'. अकरावीत फक्त 'वरीलप्रमाणे'.

"बारा रविवार जागा वापरली नाही, की ती रद्द होते," बाई समजुतीने म्हणाल्या. "मधला एक धरलेला नाही. धारक गेल्यावरचा पहिला रविवार आम्ही मोजत नाही." (विभाग निर्दय नाही.) "म्हणजे परवाचा बारावा. तुम्ही येऊ नका, की झालं. सोमवारी जागा रद्द, खुर्ची मोकळी. घेऊन जा."

"आणि आले तर?"

"आलात तर जागा चालू राहते. मग खुर्ची घरी नेता येत नाही. खुर्ची नसेल तर जागा राखणार कोण?"

पद्धत निर्दोष होती. मला बाबांची खुर्ची हवी असेल, तर त्यासाठी फक्त आणखी एकदा यायचं नव्हतं. अर्ज नको, दाखला नको, सही नको. ज्या कामात माझा हात चांगला बसला होता, तेच काम विभागाने मला दिलं होतं.

रविवारी मी गेले.

चारला सहा मिनिटं कमी होती. पट्टीवाले वही काखेत धरून खांबाला टेकले होते. शिंपीकाका दुकान बंद असूनही दुकानात होते. मी उतरून खुर्ची पदपथावर ठेवली आणि गाडी आत घेतली. एका झटक्यात बसली. पट्टीवाल्यांनी खाली बसून पुढचं आणि मागचं अंतर मोजलं.

"दीड फूट. दीड फूट." ते उठले. "काकांचं माप होतं ते."

मग वही उघडून त्यांनी लिहिलं, 'गाडी हजर.' पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

"धारक... इथं काय लिहू ताई?"

मी खुर्चीत बसले. दांडी डावीकडे कलली. इथून गल्लीचं तोंड दिसतं, मोठ्या रस्त्यावरचं वळण दिसतं, वळणारी प्रत्येक गाडी दिसते. हे मला माहीत नव्हतं.

पट्टीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'वरीलप्रमाणे.'

"सातपर्यंत बसावं लागेल हं," शिंपीकाका पलीकडून म्हणाले. "साहेब कधी पावणेसातला उठले नाहीत."

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. घराला कुलूप आहे, वर कोणी नाही. तीन तास मी नियमाने राखीव असलेल्या जागेसमोर बसून माझी गाडी सांभाळते आणि सात वाजता खुर्ची जागेवर ठेवून परत येते. यात काही हास्यास्पद आहे असं विभागाला वाटत नाही. त्याबद्दल मी विभागाची ऋणी आहे.

जाता जाता एक माहिती जनहितार्थ द्यायला हवी. शुक्रवारी वही हातात होती तेव्हा मी पुढची-मागची पानं उलटली होती. एकूण एकशे बारा पानं. कुठे 'मुलाच्या गाडीसाठी राखीव', कुठे 'सुनेच्या', एका पानावर 'दोघांपैकी जो येईल त्याच्या'. सहा पानांवर गाडी हजर आहे. बाकीच्या सगळ्या पानांवर जागा मोकळी आहे आणि धारक खुर्चीत आहेत. तेव्हा आमच्या शहरात गाडी लावायला जागा नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये. जागा आहेत. मोजलेल्या आहेत, आखलेल्या आहेत, रविवारी चारपासून कुणीतरी त्या राखत बसलेलं आहे.

त्यातली तुमची कुठली, ते मी विचारत नाही. पत्ता तुम्हाला पाठ आहे. आणि जागा झाली आहे, हे तुम्हाला फोनवर सांगितलेलंही आहे. तुम्ही "बघतो" म्हणालात.