दोनशे सव्वीस पानं

"दोनशे सव्वीस पानं. एकही जास्त नको," हिरेंदूबाबूंनी आचाऱ्याला बजावलं आणि त्यांच्या पत्नीनं, सुप्रीतीनं, कपाळावर हात मारला.

नातीचं अन्नप्राशन होतं. आमंत्रणं तीनशे. कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या हिरेंदूबाबूंचा हिशेब सरळ होता. प्रत्येक पाहुणा म्हणजे वर उडवलेलं एक नाणं. येईल किंवा नाही येणार. दहांतले सात येतात, म्हणजे सरासरी दोनशे दहा. नाणी भरपूर असली की आलेखावर त्यांच्या बेरजांची घंटेसारखी देखणी टेकडी होते आणि दोनशे सव्वीसपलीकडे तिचा उतार जवळजवळ संपतो.

"अहो, सुनेचं अख्खं माहेर नदीपलीकडे. एकाच लाँचनं येणार. आली तर सगळी, नाही तर कुणीच नाही!"

"प्रत्येक माणूस स्वतंत्र असतो, सुप्रीती."

"तुम्ही असाल."

अन्नप्राशनाच्या दिवशी चंदननगरात उजाडलंच नाही. गंगेवरून धुकं आलं आणि गल्ल्यांत दुधासारखं साचून राहिलं. लाँच बंद. पहिला घास मामानं भरवायचा, तर मामाच पलीकडे. नात लाल बनारसीत गाढ झोपली. मांडवात शेजारचे चार म्हातारे आणि कातला माशाचा दरवळ, एवढंच.

हिरेंदूबाबू घाटावर गेले. पायऱ्यांवर, शाली पांघरून, पलीकडे जाणारी माणसं पहाटेपासून खोळंबली होती. धुक्यात अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती.

"काका, इथं चहा तरी मिळेल का हो?" एका शालीतून आवाज आला.

"चहा कसला, जेवायलाच चला!" हिरेंदूबाबूंच्या तोंडून निघून गेलं.

ती मिरवणूक एखाद्या स्वप्नासारखी निघाली. कुणाची पावलं वाजत नव्हती, कुणाचे चेहरे कळत नव्हते. मांडव भरला. पुऱ्यांसारख्या लुच्या फुगल्या, वांग्याचे काप संपले, तांदळाच्या खिरीचं पायेस वाटलं गेलं. अनोळखी बायकांनी झोपलेल्या बाळाच्या गालाला बोटं लावून आशीर्वाद दिले.

"दोनशे अकरा!" पानं मोजून हिरेंदूबाबू लहान मुलासारखे हसले. "बघितलंस?"

"बघितलं. यातला एक तरी तुमच्या ओळखीचा आहे का?"

इतक्यात ऊन पडलं आणि नदीवर भोंगा वाजला. जेवलेली मंडळी घाईघाईनं लाँचकडे धावली. लाँचमधून उतरलेली गर्दी गल्ली भरून दाराशी आली. पुढे मामा, तथागत.

"मेशोमशाय, उशीर झाला!" त्यानं वाकून बहिणीच्या सासऱ्यांचे पाय शिवले.

"किती जण आलात?"

"सगळे! जे येणार नव्हते तेसुद्धा. इतका वेळ घाटावर एकत्र कुडकुडलो, मग म्हटलं, आता कुणीच घरी जायचं नाही. भूक अशी लागलीय म्हणून सांगू!"

हिरेंदूबाबूंनी डोकी मोजायला घेतली आणि मधेच सोडून दिली. मग गुपचूप मागच्या दारी गेले.

"बाबू, तांदूळ किती टाकू?" आचाऱ्यानं घाबरून विचारलं.

हिरेंदूबाबूंनी बाह्या सरसावल्या, कांद्याची टोपली पुढ्यात ओढली आणि खाली मान घालून म्हणाले, "तिला विचार."