नवाकोरा मालडबा

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन तान्ही पोरं, बाळंतीण, जावई आणि विहीणबाई एवढी मंडळी मुक्कामाला, आणि न्हाणीघर एकच. नव्याकोऱ्या मालडब्यांसाठी मामांनी नेमकं तेच वर्ष निवडलं!

मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा. मालगाडीचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात, पगारखात्यात त्यांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर त्याच डब्यांच्या वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती करायला घेतल्या. या छंदातली बाकीची माणसं आपल्या डब्यांना गंज चढवतात, चिखल फासतात, पोचे पाडतात. मामांना ते बिलकूल पटत नसे.

"फोटो काढायचा तर माणसाला अंघोळ घालून काढतात, का गटारात लोळवून?" ते छाती पुढे काढून विचारत. "माझा डबा कसा दिसणार? आत्ता, या क्षणी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यासारखा!"

घोडं अडलं होतं ते थोरल्या भावापाशी. दादा त्याच कारखान्यात रंगखात्याचे मुकादम होते. मामांनी हौसेनं डबा पुढे केला की दादा तो उलटसुलट करून बघत आणि एकच शब्द बोलत, "खेळणं." मामांची पासष्टी उलटली तरी दादांच्या लेखी ते बाळ्याच. "बाळ्या, नवा डबा तू पाहिलास कुठे? पगारखात्याच्या माडीवरून! तिथून नुसती टपं दिसतात."

हे मामांना फार लागे. दादांना आता धाप लागायची, घराबाहेर पडणं जवळपास बंद झालं होतं. जुळ्यांना बघायला म्हणून रविवारी येणार होते, ते तेवढंच. काहीही होवो, या खेपेला दादांच्या तोंडून 'डबा' म्हणवून घ्यायचंच, असं मामांनी मनाशी घट्ट ठरवलं.

सहा डबे जोडून तयार केले. पहिला रंग दिला तो बशीसारखा चकाकला. घासून काढला. दुसरा दिला, तो पाटीसारखा मेला. तोही घासला. तिसरा मात्र झकास जमला, ना लकलकीत ना मरगळलेला. चाकं तेवढी लोखंडी बसवली होती, ती रंग न लावता उघडीच ठेवली. पांढरे आकडे दातकोरणीनं एकेक सरळ केले. आता राहिला पारदर्शक रोगणाचा शेवटचा हात, आणि त्याची वैरीण म्हणजे धूळ! ओल्या रंगावर कण बसला की वीतभर डब्यावर तो धोंड्याएवढा दिसतो.

"घरात धूळ नसलेली जागा कुठली?" मामांनी विचारलं.

"तुमचं डोकं," मामी म्हणाल्या. "काही टिकतच नाही तिथे."

मामांनी उत्तर स्वतःच शोधलं. न्हाणीघर! कढत पाणी ओतायचं, वाफ कोंडायची, वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. शनिवारी संध्याकाळी मामा डोक्याला मामींची न्हाण्याची टोपी घालून आत शिरले. फवारा मारून सहाच्या सहा डबे कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी टांगले, पाय न वाजवता बाहेर आले आणि दाराला कुलूप ठोकलं.

"उद्या दुपारपर्यंत आत कुणी जायचं नाही!"

घरात अशी शांतता पसरली की जुळीसुद्धा रडायची थांबली.

"बाबा, बाळांची अंघोळ?" लेक म्हणाली.

"तान्ही पोरं मळतात कशानं? कोळसे उचलतात का?"

"आमच्याकडे," विहीणबाई हातातला टॉवेल खांद्यावर टाकत सावकाश म्हणाल्या, "न्हाणीघरात माणसं अंघोळ करतात. इथली रीत वेगळी दिसते."

मामींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संडास वेगळा होता म्हणून बरं, नाहीतर त्या रात्री घरात दंगलच उसळली असती.

सकाळी जावईबापूंनी तोंड धुतलं स्वयंपाकघरातल्या मोरीत, भांड्यांच्या ढिगातून नाक वर काढत. मामींनी शेजारणीकडे अंघोळीचा वशिला लावला, पण तिच्याकडे नेमकी पाण्याची मोटार जळलेली. मामा मात्र किल्ली करगोट्याला बांधून घरभर पहारा देत होते. कुणी चादर झटकली की, "धूळ!" पंखा लावला की, "धूळ!" विहीणबाई नुसत्या शिंकल्या, तर मामा दाराच्या फटीपुढे हात पसरून उभे राहिले!

अखेर दादांना आणायला मामा बसथांब्यावर गेले. जाताना किल्ली सोबत नेली. ती नेली म्हणजे सगळं झालं, असं त्यांना वाटलं.

ते दादांना हळूहळू चालवत घेऊन आले, तर न्हाणीघराचं दार सताड उघडं! कुलूप जसंच्या तसं होतं, पण कडीसकट जमिनीवर. जावईबापूंनी मामांच्याच डबे जोडायच्या चिमुकल्या स्क्रू ड्रायव्हरनं कडीचे स्क्रू काढले होते.

आत विहीणबाई पाटावर पाय पसरून बसलेल्या. दोन्ही नातवंडं न्हाऊन तांबडीलाल. पावडरीचा डबा हातात, आणि हात असा सैल की खोलीत पिठाची गिरणी चालल्यासारखा पांढरा धूर! वर दोरीवर दुपट्यांच्या मधोमध सहा डबे, त्या धुरात शांतपणे लटकलेले.

"अहो, माझे डबे!" मामा किंचाळले.

"आम्ही हात नाही लावला हो त्यांना," विहीणबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या नातवावर आणखी एक मूठ उधळली.

मामांनी एक डबा उतरवला. अर्धवट ओल्या रंगावर पांढरी भुकटी बसली होती. दारांच्या खाचांत, पायऱ्यांवर, चाकांच्या वर, सगळीकडे. पुसायला जावं तर रंग निघून येणार. मामांचे डोळे भरून आले.

"दादा, तू बाहेर बस. नको बघूस. सगळं फुकट गेलं."

दादांनी ऐकलं थोडंच! काठी टेकत आत आले, डबा मामांच्या हातातून काढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ धरला. दादांची धाप तेवढी ऐकू येत होती.

"बाळ्या," दादा म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"आमच्या शेजारच्या खात्यात वाळूचा मारा करून लोखंड घासायचे. रंग ओला असतानाच ती पांढरी भुकटी येऊन बसायची. आम्ही दारं लावली, पडदे लावले, साहेबांनी बोंबलून घसा बसवला. एक डबा तिच्याशिवाय बाहेर गेला असेल तर शपथ! पहिल्या पावसात धुऊन जायची. पण नवा डबा म्हणजे असा." त्यांनी तो तळहातावर तोलला. "डबा आहे हा."

मामांचा जबडा खाली आला. मामींनी त्यांना मागून असा चिमटा काढला की काहीतरी बोलणं भागच होतं.

"ते... मी आपलं... अंदाजानं..."

"वास मात्र चुकला," दादा डबा नाकाशी नेत म्हणाले. "आमच्या डब्यांना तान्ह्या पोराचा वास कधी येत नव्हता."

"तो माझा हातगुण!" विहीणबाई पाटावरून म्हणाल्या.

दादांनी पावडरीच्या डब्याकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, तरी हसतच राहिले. "बाई, तुम्ही रंगखात्यात हव्या होतात! चाळीस डबे रोज काढून घेतले असते तुमच्याकडून!"

झालं! जन्मभर ज्या शाबासकीसाठी मामा झुरले, ती अशी विहीणबाईंच्या पदरात पडली. दादा जेवले, जुळ्यांना मांडीवर घेतलं आणि जाताना एक डबा पिशवीत घालून घेऊन गेले.

पुढे मामांनी तशी धूळ पुन्हा बसवायचा खूप प्रयत्न केला. दर वेळी डबा पिठात घोळलेल्या भज्यासारखा व्हायचा. शेवटी मान खाली घालून विहीणबाईंनाच बोलवावं लागलं. त्या जुळ्यांना घेऊन आल्या, मामांना पाटावर बसवून एक नातू त्यांच्या पायांवर दिला आणि म्हणाल्या, "हात उंच धरा, व्याही. अंहं, असा नाही. डब्यावर नाही टाकायची, पोरावर टाकायची. डब्यावर ती आपण होऊन बसते." मामांनी हात आणखी उंच धरला आणि शिकले.

दादांनी नेलेला डबा त्यांच्या पलंगाशेजारच्या फळीवर असे. वहिनी सांगत, दादा येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्या बाळ्यानं केलाय. नवा डबा असाच असतो." विहीणबाईंचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

पुढच्या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, एका दुपारी झोपेतच दादा गेले.