बोंबलाचा एक घास

दुसऱ्याच्या ताटात बघणारी माणसं सुंदराबाईंनी पुष्कळ पाहिली होती; पण स्वतःच्याच ताटाकडे चोराकडे बघावं तसं बघणारी फक्त त्यांची नात निघाली.

संघमित्रानं तळलेल्या बोंबलाचा तुकडा चिमटीत धरला, उजेडात फिरवला, नाकाशी नेला आणि पुन्हा खाली आणला. सुंदराबाई झारा हातात तसाच धरून थिजल्या. अकरावीतली पोर. मन आजारी पडल्यापासून परळच्या इस्पितळात उपचार चालू होते. गोळ्यांनी झोप आली, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. समोर येईल ते अर्धंमुर्धं गिळायची. कसं झालंय विचारलं की 'ठीक'. निदान बोंबलाला तरी नाही म्हणणार नाही, म्हणून आजचा घाट घातलेला.

"शिळा लागतोय काय गं?"

संघमित्रानं डोळे मिटून घेतले.

म्हणजे मासेवालीनं फसवलं. आजारी पोरीच्या पोटात शिळं घातलं. सुंदराबाई पदर खोचून बाजारात गेल्या आणि त्या मासेवालीला, दर्शनाला, चार गिऱ्हाइकांदेखत नको नको ते बोलल्या. दर्शना कसली ऐकतेय. पाटी शेजारणीकडे सोपवून ती त्यांच्या मागोमाग चाळीचा जिना चढली. गिऱ्हाइकंही चढली, कारण त्यांच्या पिशवीत तेच बोंबील होते.

दारात सगळे थबकले. तुकडा अजून चिमटीतच होता, कडेला एवढासा चावलेला.

"माझं म्हावरं शिलं कोन बोल्लं गो?" दर्शनानं विचारलं.

संघमित्रा दचकली. मग हळूहळू तिनं सांगितलं, इस्पितळातल्या शनिवारच्या ग्रुपमध्ये डॉक्टर मॅडमनी शिकवलंय. एक घास पुरतं लक्ष देऊन खायचा. बघायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा, मधे बोलायचं नाही. मन पळालं की त्याला घासावर परत आणायचं. मासा ताजाच आहे.

सुंदराबाईंना तोंड कुठे लपवू असं झालं. दर्शना मात्र आता हटायला तयार नव्हती.

"मंग लागतो कसा, त्ये सांग."

पोरीनं पुन्हा सावकाश चावलं. दारातले सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीठ जास्त झालंय."

या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. सून लग्न होऊन आल्यापासून मुकाट पाणी पीत आली होती. दर्शनानं हसू लपवायला पदर तोंडाला लावला. सुंदराबाईंनी उरलेला तुकडा नातीच्या हातातून घेतला आणि चावला. किती दिवसांनी पोरगी चवीबद्दल 'ठीक' सोडून काही बोलली होती.

त्यांनी गर्दीच्या तोंडावर दार लोटलं आणि नातीकडे वळल्या.

"जीभ ठिकाणावर आली तुझी, म्हणजे बरी होतेयस. शनिवार एकही चुकवायचा नाही, मी स्वतः सोडायला येणार. पण मीठ मी घालते तेवढंच पडेल. पुढचा घास जरा कमी लक्ष देऊन खा."