दोंदे मास्तरांचा लिंडी हॉप

"पण मॅनेजरसाहेबांपुढं तोंड उघडायची काय गरज होती म्हणते मी?" लताबाईंनी पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवून विचारलं.

"साहेबांनी विचारलं, कुणाला काही येतं का. मला येतं. मग सांगितलं."

"पंधरा वर्षांत कधी काही येत नव्हतं ते!"

हे मात्र खरं होतं. लताबाईंचा नवरा निवृत्ती दोंदे नाशिकजवळच्या सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होता. 'होय साहेब' आणि 'गाडी गेली साहेब' या दोन वाक्यांवर त्याची पंधरा वर्षांची नोकरी सुरळीत चालली होती. पण एकोणऐंशी साली मॅनेजरीणबाईंच्या मनानं घेतलं की वर्धापनदिनाला दर वर्षी तीच नाटुकली आणि तीच भावगीतं बास झाली, यंदा काहीतरी वेस्टर्न पाहिजे. बाई बंगलोरच्या क्लबात वाढलेल्या. साहेबांनी कॅन्टीनमध्ये उभं राहून विचारलं, आणि निवृत्तीचा हात कुणी वर ओढावा तसा वर गेला. "मला लिंडी हॉप येतो साहेब," तो म्हणाला. अख्खं कॅन्टीन जेवायचं थांबलं.

लिंडी हॉप म्हणजे अमेरिकेतला जोडीनं करायचा नाच. हातात हात धरायचा, एकानं दुसऱ्याला लांब सोडायचं, दुसऱ्यानं गर्रकन फिरून परत यायचं, आणि हे सगळं अशा ठेक्यात की बघणाऱ्याचीसुद्धा टाच उचलावी. आता हा नाच मनमाडच्या माणसाला यायचं काही कारण नव्हतं. निवृत्तीला येत होता, कारण त्याला लोबोसाहेब भेटले होते.

सत्तावन्न साली बावीस वर्षांचा निवृत्ती मनमाड जंक्शनच्या रनिंग रूममध्ये कामाला होता. ड्युटी संपलेले गार्ड आणि ड्रायव्हर तिथं येऊन झोपायचे. त्यांना चहा द्यायचा, वेळेवर उठवायचं, हे याचं काम. गार्ड लोबो मात्र झोपायचे नाहीत. आपल्या लोखंडी पेटीतून, लाल-हिरव्या झेंड्यांच्या खालून तबकड्या काढायचे, चावीचा ग्रामोफोन लावायचे आणि म्हणायचे, "ये, दोंदे. इन्स्टिट्यूटमध्ये डान्स आहे, आणि माझी मिसेस मुंबईला. प्रॅक्टिस कुणाबरोबर करू मॅन, भिंतीबरोबर?"

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये निवृत्तीसारख्याला कोण घेणार! तिथं साहेबलोक आणि मडमा कशा नाचतात, ते त्यानं कधी पाहिलंच नाही. सिनेमात पाहिलं असेल म्हणाल, तर सिनेमात हीरो-हीरॉइन एका झाडामागून दुसऱ्या झाडामागं पळतात, त्यात शिकण्यासारखं काय असतं? त्याला ठाऊक होते फक्त लोबोसाहेब. ते सोडायचे, हा फिरून परत यायचा. सात वर्षं हे चाललं. आणि खरं सांगायचं तर नाच ही त्यातली लहान गोष्ट होती. निवृत्तीच्या वस्तीतल्या माणसाकडून चहाचा कप घेतानासुद्धा हाताला हात लागू नये म्हणून लोक जपायचे, त्या काळात त्या गार्डसाहेबानं त्याचा हात सहज धरला होता. निवृत्ती ते जन्मात विसरणार नव्हता. नाशिकला नोकरी लागली तेव्हा साहेबांनी तो ग्रामोफोन आणि एक तबकडी त्याला देऊन टाकली होती.

तर आता हुकूम सुटला, दीड महिन्यात चार जोड्या बसवा. पुरुष मिळायला अडचण आली नाही. सहा फुटी, झुपकेदार मिशांचा फोरमन पुंजाभाऊ सिन्नरचा. त्यानं आधी नाव दिलं, म्हणून स्टोअरच्या वाल्मीकनं दिलं, आणि मग आणखी दोघांनी. बायका ज्याच्या त्याच्या घरच्या, असं ठरलं. तिथं पुंजाभाऊच्या चतुराबाईंनी पाय रोवले.

"कॅन्टीनात परक्या गड्यांसमोर मी उड्या मारनार नाय. आमचं आम्हाला येगळं शिकवा."

मग तोड निघाली. पुरुषांनी पाळी सुटल्यावर कॅन्टीनमध्ये शिकायचं, बायकांनी दुपारी कारखान्याच्या वसाहतीच्या गच्चीवर, लताबाईंच्या हाताखाली.

"मला कुठं काय येतं?" लताबाई म्हणाल्या.

"मी शिकवतो की. अगदी सोपं आहे. मी माझं पाऊल टाकतो, तू लोबोसाहेब हो."

लताबाई आठ दिवस स्वयंपाकघरात लोबोसाहेब झाल्या. आधी कुरकुरल्या, मग नवऱ्याला असं सोडायला लागल्या की तो थेट फळीपर्यंत जाई आणि भांडी न पाडता परत येई. पुढं हेच त्यांनी गच्चीवर बायकांना शिकवलं. इकडं कॅन्टीनमध्ये जोडीदारीण नसल्यानं चार पुरुष चार खांबांना धरून उभे राहत. "एक, दोन, जा लांब! फिरा! या परत!" निवृत्ती ओरडायचा, आणि पुंजाभाऊ मिशा उडवत खांबाकडं परत यायचा.

पाच आठवड्यांनी गच्चीवर सगळ्यांना एकत्र उभं केलं, तर काय सांगावं! चतुराबाईंची उंची पुंजाभाऊच्या खांद्याइतकी. पण त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट करून नवऱ्याला असं सोडलं आणि असं ओढलं की तो भोवऱ्यासारखा जागच्या जागी आला. कुठं धक्का नाही, कुणाचा पाय कुणाच्या पायावर नाही. तेव्हापासून सगळे निवृत्तीला 'मास्तर' म्हणू लागले. निवृत्तीनं छाती फुगवून लोबोसाहेबांना कार्यक्रमाचं आमंत्रण टाकलं. साहेब आता रिटायर होऊन मनमाडलाच होते. उलट टपाली कार्ड आलं, 'रविवारी येतो. गुडघे खराब, बाकी ठीक.'

गुरुवारी, कार्यक्रमाला तीन दिवस राहिले असताना, मॅनेजरीणबाई स्वतः गच्चीवर आल्या. नाच बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग कपाळाला आठी घातली, मग पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"छान आहे. पण काहीतरी वेगळंच दिसतंय. दोंदे, एकदा माझ्याबरोबर करा बघू."

वाल्मीकनं तबकडी लावली. निवृत्तीनं अदबीनं हात धरला. बाई उभ्या राहिल्या. निवृत्तीही उभा राहिला.

"चला ना," बाई म्हणाल्या.

"आपण सोडा की बाईसाहेब."

"काय सोडा?"

"मला. म्हणजे मी जातो."

"तुम्ही कुठं जाता? तुम्ही मला सोडायचं!"

"छे छे, आपण तसदी घेऊ नका. मीच जाऊन परत येतो."

तबकडी संपली, सुई खरखरायला लागली, तरी दोघं होती तिथंच. मग बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो दोंदे, हे लेडीजचं पाऊल! तुम्ही सगळ्या पुरुषांना लेडीजचं शिकवलंत, आणि बायकांना जेंट्सचं!"

पुंजाभाऊनं आधी स्वतःच्या पायांकडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

"म्हंजी, सव्वा महिना झाला, मी बाई हाय व्हय?"

"नाचापुरते," वाल्मीक चाचरत म्हणाला.

"तू बी हायेस, गप बस! मास्तर, रविवारी माझा मेव्हणा येनार हाय सिन्नरहून. लय हसरं बेणं हाय ते. मी काय नाचत नाय." आणि तो जिना उतरून गेला. मागोमाग बाकीचे तिघंही गेले.

त्या संध्याकाळी निवृत्ती जेवला नाही. नाच फसला तर फसला, लोक चार दिवस हसतील आणि विसरतील. त्याला बोचत होतं ते निराळंच.

"सात वर्षं," तो म्हणाला. "सात वर्षं मला बाई करून नाचवलं, आणि एका शब्दानं बोलले नाहीत. गंमतच करत असतील ना माझी? मागं इतर गार्डांना सांगून हसत असतील. आणि मी आपला हात धरला, हात धरला म्हणून..."

"साहेब येतायत ना रविवारी? त्यांनाच विचारा," लताबाई म्हणाल्या. "आणि आधी दोन घास खा."

शुक्रवारी त्यानं पावलं उलटी करून बघायचा घाट घातला. पुंजाभाऊला हातापाया पडून आणला. त्यानं एकदाच बायकोला सोडलं. पाय तिच्या अंगठ्यावर, आणि ती थेट वाळत घातलेल्या पापडांवर. "हळद आना!" चतुराबाई ओरडल्या. "आन् या माणसाला परत हुतं तसं करा!"

शनिवारी लताबाईंनी सूत्रं हातात घेतली. चौघा पुरुषांना दारात उभं करून त्यांनी विचारलं, "खरं सांगायचं. महिनाभर मजा आली की नाही?"

पुंजाभाऊ मिशीला हात लावत म्हणाला, "आता वहिनी, खोटं कशाला बोलू. कारखान्यात धा माणसं माझ्या तोंडाकडं बघत्यात, घरी बी समदं मीच ठरवायचं. हितं कसं, जा म्हनलं की जायचं, ये म्हनलं की यायचं. डोक्याला लय आराम."

"मग उद्या वेळेवर या," लताबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

रविवारी लोबोसाहेब आले. केस पिकलेले, हातात काठी, पण सूट कडक इस्त्रीचा. निवृत्तीनं त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि त्यांच्या नजरेला नजर न देता पडद्यामागं निघून गेला.

ग्रामोफोनपुढं माईक ठेवला, पडदा सरकला. पहिल्या गिरकीलाच मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "ओ दाजी! कोन कुनाला फिरवतंय?" सगळा मांडव हसला. पुंजाभाऊ जागच्या जागी थिजला.

"तिकडं काय बघताय?" चतुराबाई दातओठ खात म्हणाल्या. "माझ्याकडं बघा." आणि अंगठ्याला हळदीचं फडकं बांधलेलं असताना त्यांनी त्या सहा फुटी गड्याला असं भिरकावलं की तो स्टेजच्या कडेपर्यंत जाऊन, टाचेवर गोल फिरून, हसत परत आला. मग चारही जोड्या सुटल्या. हसणं कधी थांबलं आणि शिट्ट्या कधी सुरू झाल्या ते कुणाला कळलं नाही. मेव्हण्याच्या बायकोनं तर खुर्चीवर उभं राहून 'वन्समोर' मागितला आणि तो मिळेपर्यंत ती खाली बसली नाही. निवृत्ती मात्र विंगेतून एकाच माणसाकडं बघत होता. लोबोसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

कार्यक्रम संपल्यावर साहेब काठी टेकत मागं आले. निवृत्ती ग्रामोफोन आवरत होता. त्याला राहवलं नाही.

"साहेब, तुम्ही मला बाईचं पाऊल शिकवलंत. कधी सांगितलं नाहीत. हसत होतात का माझ्यावर?"

लोबोसाहेबांचे डोळे लाल झाले होते. ते एका ड्रमवर टेकले. "हसत? अरे मॅन, लढाईत मला आसामला पाठवलं होतं रेल्वेवर. तिथं अमेरिकन सोल्जर होते. एक सार्जंट होता, काळा, धिप्पाड. त्याच्या देशात गोऱ्यांच्या शेजारी बसायची त्याला बंदी, पण नाचायला लागला की राजा! कॅम्पात बाई औषधाला नाही. एके दिवशी त्यानं माझा हात धरला."

"म्हणजे तुम्ही पण...?"

"आठ महिने! गरागरा! पुढं लग्न झालं, ग्लॅडिसबरोबर उभा राहिलो, तर ती पण उभी, मी पण उभा. दुसरी बाजू मी तिचे पाय तुडवून तुडवून शिकलो. मला वाटलं, सगळे असेच शिकतात, आधी हे, मग ते. तुलाही दुसरी बाजू शिकवणारच होतो."

"सात वर्षं साहेब?"

"तू फिरायचास इतका छान," लोबोसाहेब खाली बघत म्हणाले, "मला सोडवेना."

निवृत्तीनं उगाच ग्रामोफोनचं झाकण पुसलं, मग बाहीनं डोळे पुसले. लताबाई मात्र पदर खोचून पुढं झाल्या.

"म्हणजे साहेबांनाही फिरायचं येतं की! उठा मग."

"नो, नो. पस्तीस वर्षं मला कुणी फिरवलं नाही. आणि हे गुडघे..."

"हळू सोडते. उठा."

लोबोसाहेबांनी निवृत्तीकडं पाहिलं, काठी बाजूला ठेवली आणि हात पुढं केला. निवृत्तीनं चावी दिली, सुई टेकवली. लताबाईंनी साहेबांना अलगद सोडलं. म्हातारा लांब गेला, टाचेवर वळला, कोटाची टोकं उडवत परत आला, आणि एखाद्या पोरासारखा हसला. सव्वा महिना निवृत्तीनं दुसऱ्यांच्या चुका तेवढ्या पाहिल्या होत्या, हा नाच नुसता उभं राहून कधी पाहिला नव्हता. रनिंग रूममध्ये आपण नेमके कसे दिसत होतो, ते आज त्याला पहिल्यांदा दिसलं. त्यानं मान वाकडी करून नीट निरखून पाहिलं, आणि आपल्याशीच म्हणाला, "बरे दिसत होतो की!"