एका बेडीत दोन पोलीस

कैदी सांभाळण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं मी फौजदार साहेबांना छाती पुढे काढून सांगितलं. साहेब बड्या पाहुण्यांच्या बंदोबस्ताला निघाले होते. ठाण्यातली एकुलती एक जीप आणि होती नव्हती ती सगळी माणसं त्यांच्याबरोबर गेली. मागे उरलो मी, वायरलेसवरच्या बाई आणि कोठडीत एक तोतया.

तोतया म्हणजे अस्सल! मोठ्या अधिकाऱ्याचा आव आणून गावोगाव पाहुणचार झोडणारा. पांढराशुभ्र शर्ट, घोटून केलेली दाढी. कोठडीत बसायचा तोही अशा थाटात, की आम्हीच त्याच्यासमोर चौकशीला उभे आहोत असं वाटावं.

जीप वळणाआड गेली न गेली तोच त्याने पोट धरलं.

"हवालदार! कळ येतेय!"

"नाटकं नकोत!"

"बरं. मी मेलो तर उत्तरं तुम्हीच द्या."

कोठडीत माणूस दगावला तर नोकरीवर पाणी सोडायचं! बाई म्हणाल्या, "तुम्हीच न्या त्याला. वायरलेस सोडून मी हलले तर साहेब मला आत टाकतील!"

मग मी शक्कल लढवली. बेडीचं एक कडं त्याच्या मनगटात, दुसरं माझ्या. आता पळून दाखव म्हटलं! रिक्षात बसल्यावर खिसे चाचपले, तेव्हा आठवलं. किल्ली साहेबांच्या जुडग्यात, आणि जुडगा बंदोबस्तावर!

तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली आणि पठ्ठ्या माझ्या छातीवर भडाभडा ओकला. ओकून मोकळा झाला, तसा चेहरा कसा टवटवीत! मी मात्र बघण्यासारखा उरलो नव्हतो.

दवाखान्यात नर्सबाईंनी नाक दाबलं, कात्री घेतली आणि माझा शर्ट कापून बादलीत टाकला. नावाची पट्टी, ओळखपत्र, मोबाईल सगळं त्याच बादलीत गेलं. उरली खाकी पँट आणि भोक पडलेलं बनियन.

डॉक्टर आले. "पेशंट कोण?"

"हा," तोतया माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाला. "पोलिसाचा वेश करून लोकांना फसवत होता. अर्धा वेश अजून अंगावर आहे, बघा."

"अहो, खोटं! पोलीस मी आहे!" मी ओरडलो.

"सकाळपासून हेच चाललंय त्याचं."

मी जितक्या जोरात ओरडावं, तितकी डॉक्टरांची खात्री पटत गेली. दोघा वॉर्डबॉयनी मला पालथं दाबून धरलं आणि कमरेत इंजेक्शन टोचलं. पोटदुखीचं!

"ठाण्यात फोन लावा!" मी कळवळून म्हणालो.

"लावा की," तोतया म्हणाला. "आठवडाभर बंद आहे."

बंदच होता. आमच्या ठाण्याची हीही बातमी कोठडीत पोहोचली होती!

तोतयाला खुर्ची मिळाली, चहा आला. घोट घेत तो म्हणाला, "डॉक्टर, बेडी तेवढी कापा. याला पलंगाला बांधा. मला दुसऱ्या तपासाला जायचंय."

नळदुरुस्तीवाला करवत घेऊन हजर झाला. कर्र कर्र सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांपुढे बायकामुलं उभी राहिली. बायकोवरून आठवल्या सासूबाई! गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या इथेच होत्या आणि कामाच्या सबबीखाली मी फिरकलोही नव्हतो.

"शेवटच्या वॉर्डात माझ्या सासूबाई आहेत! त्यांना विचारा!"

चाकांच्या खुर्चीतून सासूबाई आल्या. "या जावईबापू! आज सवड झाली वाटतं? आणि हा काय अवतार?"

"मी कोण ते सांगा यांना!"

"सांगते की! पोलीस आहे. लग्नात हवालदार होता, अजून हवालदारच आहे!"

करवत थांबली. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. तोतया मात्र तसूभर हलला नाही. "आजी, काळजी करू नका. यांच्या बढतीचं मी बघतो."

सासूबाईंनी हात जोडले. "साहेब, भोळा आहे हो. सांभाळून घ्या."

संध्याकाळी फौजदार साहेब जुडगा घेऊन आले, तोवर आम्ही दोघं एकाच पलंगावर बसून होतो. साहेब माझं बनियन नुसतं बघत राहिले.

सासूबाई बऱ्या होऊन आमच्याकडे आल्या. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार? परवा त्यांनी विचारलं, "ते बढतीचं बघणारे साहेब असतात ना हो ठाण्यात?"

"असतात," मी म्हटलं. "सध्या मुक्कामालाच आहेत."

"अगं बाई! मग त्यांच्या जेवणाचं काय?"

तेव्हापासून घरून दोन डबे निघतात. मोठा साहेबांचा!