ओहोळ सरांचं निरोगी रक्त

यंत्र पुन्हा चुकलं तेव्हा त्रिंबक ओहोळ सरांनी दोष आधी वायरींना दिला, मग सोलापूरच्या उन्हाला आणि शेवटी अर्शीला.

अर्शी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं एक बायोसेन्सर बनवला होता, नखाएवढी सोन्याचा मुलामा दिलेली पट्टी. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पेशीतली दोन जनुकं तुटून एकमेकांना भलतीकडेच जोडली जातात. तसा एखादा सांधा रक्तात असला, तर पट्टीवरचा सूक्ष्म धागा त्याला पकडतो आणि पडद्यावरची रेषा वर चढते. माणसाला साधा थकवासुद्धा जाणवायच्या आत.

फक्त निरोगी रक्त कसं असतं, हे यंत्राला आधी दाखवावं लागतं. सरांनी बाही वर केली. "माझं घे की. पन्नाशी उलटली, अजून डोकेदुखीची गोळी माहीत नाही मला."

त्यांच्या रक्तावर रेषा सरसर वर गेली.

सरांनी पट्टी बदलायला लावली. मग रसायनं पुण्याहून नवी मागवली. फ्रिजच्या मोटरमुळे गडबड होत असेल म्हणून फ्रिज व्हरांड्यात गेला आणि त्यातलं सगळ्यांचं ताक नासलं. प्राचार्य यंत्र बघायला आले, त्या दिवशी वाऱ्याचा धक्का नको म्हणून पंखे बंद केले. भर मे महिन्यात सगळे घामानं निथळत उभे राहिले आणि रेषा त्यांच्यादेखत वर चढली. प्राचार्यांनी रुमालानं मान पुसत विचारलं, की दुसरा एखादा विषय घेता येणार नाही का.

सरांनी अर्शीला धागा पहिल्यापासून नव्यानं बनवायला सांगितला.

शुक्रवार पेठेतल्या घरी ती न जेवताच बसून राहिली. तिचे अब्बा, गौसभाई, चिंचोळी एमआयडीसीत टेम्पोनं माल पोचवायचे. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. त्यांनी हात पुढे केला. "मेरा लेके देख ना, बेटा."

दुसऱ्या दिवशी अर्शीनं अब्बांचं रक्त तपासलं, अम्मीचं तपासलं, दादीचंही तपासलं. तिन्ही वेळा रेषा सपाट. सरांचा नमुना लावला, रेषा वर. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं.

आता हे सरांना सांगायचं कसं? तिनं त्यांना झोप लागते का विचारलं, वजन उतरलंय का विचारलं, जेवण जातं का विचारलं. प्रबंधाला मुदतवाढ हवी म्हणून ही गोड बोलतेय, असं सरांना वाटलं. त्यांनी दोन महिने वाढवूनही दिले. शेवटी तिनं चारही नमुने त्यांच्यासमोर एकामागून एक लावले.

सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे चमकले.

"म्हंजे चालतंय की गं हे!" ते म्हणाले. "अर्शी, एवढीशी पट्टी, आणि माझ्या पेशीच्या आतलं बघितलं हिनं. मला पत्ता नाही आणि हिला कळलं."

त्यांनी पट्टी चिमट्यात धरून उजेडात नेली, लहान मुलाच्या कौतुकानं न्याहाळली. आणि मग हळूच मागचं स्टूल ओढून खाली बसले.

अर्शी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. तिथल्या तपासण्यांतही तेच निघालं, अगदी सुरुवातीचं. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास नसताना तुम्ही आलात कसे? इतक्या लवकर सहसा कुणी येत नाही. सरांनी अर्शीकडे बोट दाखवलं. रोज गोळी घ्यायची ठरली. प्रयोगशाळेत सरांचं रक्त आता रुग्णाचा नमुना म्हणून वापरात आलं आणि ते दर महिन्याला ऐटीत बाही वर करू लागले.

महिन्यामहिन्यानं रेषा खाली येत गेली. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती हललीच नाही. अर्शीनं तोंडावर ओढणी धरली.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, सपाट रेषा डोळे भरून पाहिली. मग जरा नाराजीनं म्हणाले, "निरोगी म्हणून चाललं नाही, आता आजारी म्हणूनही चालंना. माझ्या रक्ताचं करायचं तरी काय गं?"